कुठला तारा?

२०२४ ची कोजागिरी १६ ऑक्टोबरला आली. त्सुचिन्शान-ॲटलास हा धूमकेतू सूर्याला वळसा घालून त्याच आठवड्यात संध्याकाळच्या आकाशात आला होता, म्हणून आमच्या दादरच्या इमारतीच्या गच्चीवर त्या रात्री मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी माझी द्विनेत्री दुर्बीणही तिपाईवर बसवलेली होती. पश्चिमेला पुनर्विकासाचे दोन मनोरे उभे राहिल्यापासून समुद्राकडचे आकाश आम्हांला त्यांच्या मधल्या फटीतून दिसेल तेवढेच मिळते, आणि त्या फटीतही एका क्रेनचा लाल दिवा रात्रभर जळत असतो. शुक्र डावीकडच्या मनोऱ्याआड गेलेला, पाठीमागे पूर्वेला चंद्र वर चढत चाललेला, आणि सव्वासातच्या सुमारास फटीच्या उजव्या कडेशी दुर्बिणीत एक पुसट डाग आणि त्यातून वर गेलेली, जेमतेम ओळखू येणारी शेपटीची रेघ. मुलांनी एकेकदा डोळा लावला, ‘एवढाच?’ असे विचारले आणि ती पुन्हा खेळायला पळाली. तळमजल्यावरचे काका मात्र खुर्ची ओढून बराच वेळ पाहत बसले. ते लघुवाद न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आहेत आणि कोणतीही गोष्ट नीट समजल्याशिवाय पुढचा कागद उलटत नाहीत.

“एवढ्या लांबून आला म्हणतेस,” ते म्हणाले. “पण तिथे होता ना सुखाने? मग त्याला इकडे धाडला कोणी?”

“वाटेने जाणाऱ्या ताऱ्यांनी, काका. एखादा तारा सूर्यमालेच्या जवळून जातो, त्याच्या ओढीने याची कक्षा बदलते आणि हा आत येतो.”

“कुठला तारा? दाखव बरं.”

तेवढ्यात दूध वाटायला सुरुवात झाली आणि माझी सुटका झाली. प्रश्नातून मात्र ती झाली नाही. वाटेने जाणाऱ्या ताऱ्याचे हे वाक्य मी शाळेपासून वाचत आले आहे. धूमकेतूंवरच्या बहुतेक लेखांत ते असते, नवा धूमकेतू आला की वर्तमानपत्रांतल्या चौकटींत ते पुन्हा छापून येते, आणि त्यात ‘एखादा तारा’ एवढे म्हटले की वाचणाऱ्याचे समाधान होते. ज्यांचे आयुष्य प्रतिवादीचे नाव आणि पत्ता नसलेला दावा दाखल करून घ्यायचा नाही या शिस्तीत गेले, त्यांचे ते होणार नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्या रात्रीनंतर माझेही झाले नाही.

धूमकेतूच्या बाबतीत नाव आणि पत्ता मिळतच नाही असे नाही. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीतून नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. रस्त्यावरचे दिवे होते, समोरच्या घराच्या खिडकीतला टीव्ही होता, खालच्या भटारखान्यातला धूर होता, आणि या सगळ्याच्या वर वायव्येला तो शांतपणे तिरका उभा असे. आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणे आणि आम्ही बोट दाखवले की ओरडे. वडिलांनी कुठेतरी वाचलेले आम्हांला सांगितले की हा याआधी चार हजार वर्षांपूर्वी आला होता, आणि मला तेव्हा त्याच्या वक्तशीरपणाचे फार कौतुक वाटले. वक्तशीर तो मुळीच नव्हता. सुमारे ४,२०० वर्षांच्या कक्षेवरून आत येताना १९९६ च्या एप्रिलमध्ये तो गुरू ग्रहाच्या जवळून गेला आणि त्या एका भेटीत त्याचा आवर्तकाल साधारण अडीच हजार वर्षांवर आला. तिथे कोणी, केव्हा आणि किती अंतरावरून, हे सगळे नोंदलेले आहे. काकांना दाखवण्याजोगे प्रकरण हेच होते. त्या रात्री मला ते सुचले नाही आणि सुचले असते तरी त्यांचा प्रश्न त्याने मिटला नसता, कारण ते ज्या धूमकेतूकडे पाहत होते तो कुठल्याही ग्रहाच्या आवाक्याच्या कितीतरी पलीकडून निघालेला होता.

त्सुचिन्शान-ॲटलासविषयी ‘८०,००० वर्षांतून एकदा’ असा मथळा सगळीकडे झळकला होता. हा आकडा फसवा आहे. धूमकेतू सूर्याजवळ असताना ग्रह त्याला सतत ओढत असतात, आणि त्या धावपळीत एखाद्या क्षणाची कक्षा घेऊन तिचा आवर्तकाल काढला, तर उत्तर रोज वेगळे येते. तो ग्रहांच्या प्रदेशात शिरण्यापूर्वी कोणत्या कक्षेवर होता, हे गणिताने मागे मागे जाऊन काढावे लागते. एलिस स्ट्रोमग्रेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कष्टाचे काम केले आणि दाखवून दिले की बाहेरून, ताऱ्यांमधून आल्यासारखे भासणारे धूमकेतू मुळात सूर्याचेच असतात. पुढे १९५० मध्ये लायडनच्या यान ऊर्ट यांनी नीट मोजलेल्या अवघ्या १९ धूमकेतूंच्या मूळ कक्षा समोर मांडल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा सूर्यापासून हजारो खगोलीय एककांवरच्या एकाच दूरच्या प्रदेशाकडे बोट दाखवतात हे त्यांच्या ध्यानात आले. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे अंतर. असे ६३,००० हून थोडे अधिक झाले की एक प्रकाशवर्ष होते. ऊर्टांच्या नावाने ओळखला जाणारा मेघ काही हजार एककांपासून जवळपास एक लाख एककांपर्यंत पसरलेला मानला जातो. त्याचे छायाचित्र नाही. तिथे असताना एकही धूमकेतू आजवर कोणी पाहिलेला नाही. तो मेघ आहे ही गोष्ट आपण केवळ तिथून येणाऱ्यांच्या जबानीवर मान्य केलेली आहे.

मला यात एक गोष्ट फार आवडते. ऊर्ट हे मुळात धूमकेतूंचे अभ्यासक नव्हते. आपली आकाशगंगा फिरते हे ताऱ्यांच्या गतींवरून १९२७ साली दाखवून देणाऱ्यांपैकी ते होते, आणि तारे स्थिर नाहीत, ते एकमेकांच्या शेजारून जात असतात, ही गोष्ट त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती. सूर्यमालेकडे आपण सगळे आतून पाहतो; त्यांनी ती बाहेरून पाहिली. तोवर एस्टोनियाच्या एर्न्स्ट ओपिक यांनी १९३२ मध्येच दाखवले होते की अतिदूरच्या धूमकेतूंच्या कक्षा वाटेने जाणाऱ्या ताऱ्यांमुळे बदलत राहतात, पण त्यांची दिशा बहुतांशी उलटी होती: तारे धूमकेतूंना सूर्यापासून लांब, ग्रहांच्या तडाख्याबाहेर नेऊन कसे वाचवतात, ही. तेच तारे त्यांतल्या काहींना परत आत सोडतात, हा ऊर्टांचा भाग.

आत सोडतात म्हणजे नेमके काय करतात, इथे माझी समजूत बरीच वर्षे भाबडी होती, आणि मला वाटते बहुतेकांची तशीच असते. आपल्या डोळ्यांसमोर येते ते असे की तारा येतो, धूमकेतूला सूर्याच्या दिशेने ढकलतो आणि तो खाली कोसळतो. ढकलण्याची गरजच नसते. सूर्याकडे ओढण्याचे काम सूर्य सततच करत असतो. धूमकेतू पडत नाही तो त्याच्या आडव्या वेगामुळे. तेव्हा ताऱ्याने फक्त तो आडवा वेग कमी करायचा असतो. आणि हा वेग किती असतो? ज्या धूमकेतूचे एक टोक सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर आणि दुसरे टोक ५०,००० एककांवर आहे, तो त्या दूरच्या टोकाला सेकंदाला सुमारे ८४ सेंटिमीटर या वेगाने सरकत असतो. ताशी ३ किलोमीटर. माणूस सहज चालतो त्याहूनही कमी. सूर्याजवळ आल्यावर हाच गोळा सेकंदाला चाळीस किलोमीटरांहून अधिक वेगाने धावतो, पण ती धाव काही महिन्यांची, आणि बाकीची लाखो वर्षे तो या चालीने त्या काळोखात घालवतो. त्याच जागी त्याचा आडवा वेग सेकंदाला २.७ मीटर असता, तर तो सूर्याजवळ कधीच आला नसता; शनीच्या कक्षेपाशी दहा एककांवरून वळून परत गेला असता आणि मुंबईत कोणी त्याच्यासाठी तिपाई उघडली नसती. या दोन धूमकेतूंमधला फरक सेकंदाला दोन मीटरांपेक्षाही कमी आहे.

आता तारा घ्या. सूर्याइतक्या वस्तुमानाचा एक तारा धूमकेतूपासून एक लाख एककांवरून, सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने निघून गेला, तर तो धूमकेतूच्या वेगात सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरची भर घालतो किंवा घट करतो. एवढीच. शिवाय तो तारा सूर्यालाही ओढतो, आणि धूमकेतू व सूर्य यांना बसलेल्या धक्क्यांत जो फरक असेल तोच कामाचा. दोघांना सारखाच धक्का बसला तर दोघे मिळून सरकतील आणि कक्षा तशीच राहील. म्हणजे हिशेब क्षुल्लक आकड्यांच्या वजाबाकीचा आहे. पण समोरचाही चालतच असल्यामुळे ही वजाबाकी पुरते. यानंतर धूमकेतू आत येण्यासाठी निघतो, आणि ५०,००० एककांवरून सूर्यापर्यंत पडायला त्याला सुमारे २० लाख वर्षे लागतात.

त्या २० लाख वर्षांत तारा २०० प्रकाशवर्षे दूर गेलेला असतो.

म्हणून ‘दाखव बरं’ याला पहिले उत्तर असे की धूमकेतू आपल्या डोळ्यांना दिसेपर्यंत, ज्याच्यामुळे तो आला त्याचा आकाशातला पत्ता केव्हाच बदललेला असतो. तो कुठल्याशा दूरच्या गर्दीतला, बहुधा दुर्बिणीशिवाय न दिसणारा एक ठिपका झालेला असतो. दुसरे उत्तर अधिक गैरसोयीचे आहे. युरोपच्या गाया या अवकाश दुर्बिणीने अब्जाहून अधिक ताऱ्यांची अंतरे आणि गती मोजल्या. त्यांवरून कोर्यन बेलर-जोन्स यांनी २०१८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार सूर्यापासून एक पार्सेकच्या, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आतून दर दहा लाख वर्षांत सुमारे २० तारे जातात. याचा अर्थ धूमकेतू खाली येत असतानाच्या २० लाख वर्षांत चाळीसेक तारे शेजारून गेलेले असतात. त्याआधी, तो वर जात असताना, तेवढेच. प्रत्येकाचा धक्का वेगळ्या दिशेने, वेगळ्या जोराचा; काही एकमेकांना पुसून टाकणारे. दाव्यात प्रतिवादी ऐंशी, आणि त्यांतला प्रत्येक जण थोडा थोडा जबाबदार. पोलंडमधले पिओत्र दिबचिन्स्की आणि माल्गोझाता क्रुलिकोव्स्का हे दोघे वर्षानुवर्षे एकेका धूमकेतूची कक्षा घेऊन ती ज्ञात ताऱ्यांच्या कक्षांशी ताडून पाहत आले आहेत, आणि अमुक धूमकेतू अमुक ताऱ्याने पाठवला असे ठामपणे म्हणता येईल अशी जोडी सापडणे किती अवघड आहे, हेच त्यांच्या कामातून मला समजले.

आमच्या घरात अशीच एक गोष्ट सांगितली जाते. माझे पणजोबा वेंगुर्ल्याकडून बोटीने मुंबईला आले ते एका पांथस्थामुळे. रात्रीपुरता त्यांच्या पडवीत उतरलेल्या त्या माणसाने लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार घेत आहेत असे सांगितले आणि पुढच्या पंधरवड्यात पणजोबा भाऊच्या धक्क्यावर उतरले. मोठ्या आत्याच्या सांगण्यानुसार तो माणूस कासार होता. धाकटी आत्या तो गोंधळी होता असे शपथेवर सांगते. नाव कोणालाच माहीत नाही. लहानपणी मला तो माणूस आमच्या सगळ्यांचा जनक वाटत असे, कारण तो त्या रात्री दुसऱ्या घरी उतरला असता तर गिरगावची चाळ नाही, हेल-बॉप नाही, मीही नाही. पुढे केव्हातरी लक्षात आले की त्या वर्षांत पणजोबांच्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कोणी ना कोणी मुंबईला गेलेले आहे. जमीन चार भावांत वाटलेली, भात कसेबसे काही महिने पुरणारे, आणि टपालाने येणाऱ्या मनीऑर्डरीवर चुली पेटणाऱ्या. पांथस्थ आला नसता तर पणजोबा दोन वर्षांनी, दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून, कदाचित दुसऱ्या गिरणीत गेले असते. गावच समुद्राच्या बाजूला कलंडलेले होते.

धूमकेतूंच्या शास्त्रातही १९८० च्या दशकात हेच घडले. तोवर सगळे श्रेय वाटेने जाणाऱ्या ताऱ्यांना होते. मग ध्यानात आले की सूर्यमालेला कोणी एक तारा शेजारून जाण्याची वाट पाहावी लागत नाही. सबंध आकाशगंगा तिला अखंड ओढत असते. आकाशगंगेची तबकडी तारे आणि वायू यांनी भरलेली आहे, आणि तिच्या पातळीला काटकोनात असलेली तिची ओढ सूर्यावर आणि सूर्यापासून एक प्रकाशवर्ष दूर असलेल्या धूमकेतूवर सारखी नसते. समुद्राला भरती आणणारी चंद्राची ओढ याच जातीची, म्हणून याला आकाशगंगेचे भरतीबल म्हणतात. ज्यूलिया हेइस्लर आणि स्कॉट ट्रिमेन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की ऊर्ट मेघातून आत येणाऱ्या धूमकेतूंच्या नेहमीच्या ओघाला हे बल सरासरीने ताऱ्यांपेक्षा अधिक कारणीभूत आहे. त्याची पद्धत संथ आणि चिवट: धूमकेतूची ऊर्जा जवळजवळ तशीच ठेवायची आणि त्याचा आडवा वेग कणाकणाने काढून घ्यायचा किंवा परत द्यायचा. पुरावाही आकाशातच आहे. नव्याने येणारे धूमकेतू सर्व दिशांनी सारखे येत नाहीत. आकाशगंगेच्या पट्ट्यातून आणि तिच्या ध्रुवांकडून कमी येतात, मधल्या प्रदेशांतून जास्त, आणि भरतीबलाचा जोर नेमका तिथेच अधिक असतो.

मला हे प्रथम वाचले तेव्हा थोडे वाईट वाटले होते. वाटेने जाणाऱ्या ताऱ्यात गोष्ट आहे. पट्ट्याच्या सरासरी घनतेत कोणती गोष्ट असणार?

पण तारे अगदीच निकामी ठरले नाहीत, आणि ते ज्या रीतीने परत आले ती मला मूळ गोष्टीपेक्षा अधिक पटते. भरतीबल एकटेच असते, तर त्याच्या पकडीत येण्याजोग्या कक्षांवरचे धूमकेतू केव्हाच आत येऊन संपले असते. आत आलेल्यांना गुरू आणि शनी सोडत नाहीत: एकतर त्यांना कायमचे बाहेर फेकतात, नाहीतर छोट्या कक्षेत अडकवतात. त्या रिकाम्या झालेल्या जागा पुन्हा भरायच्या कोणी? तारे ते करतात. दर पन्नासेक हजार वर्षांनी कोणीतरी जातो, मेघ जरासा विसकटतो, कक्षा उलटसुलट होतात आणि भरतीबलाच्या हाताशी नवे गोळे येतात. स्वीडनचे हान्स रिकमान आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये दहा लाख काल्पनिक धूमकेतू संगणकात अब्जावधी वर्षे फिरवून पाहिले, तेव्हा दोन्ही कारणे एकत्र चालवली असता येणारे धूमकेतू त्यांच्या वेगवेगळ्या बेरजेपेक्षा अधिक निघाले. त्यामुळे अमुक टक्के ताऱ्यांचे, अमुक टक्के आकाशगंगेचे अशी वाटणीच करता येत नाही. माझ्या आत्यांना हे सांगायची मला फार इच्छा आहे. दोघीही ऐकणार नाहीत.

एक नाव हवे ही ओढ शास्त्रज्ञांनाही सुटलेली नाही. १९८४ मध्ये डेव्हिड रॉप आणि जॅक सेप्कोस्की यांनी जीवाश्मांच्या नोंदींवरून असे मांडले की पृथ्वीवरची मोठी विलोपने, म्हणजे असंख्य जीवजाती एकदम नष्ट होण्याच्या घटना, दर २ कोटी ६० लाख वर्षांनी येतात. त्याच वर्षी दोन स्वतंत्र गटांनी त्यासाठी एक प्रतिवादी उभा केला: सूर्याचाच एक अंधुक जोडीदार तारा, जो तेवढ्या काळाने ऊर्ट मेघात शिरतो आणि पृथ्वीवर धूमकेतूंचा वर्षाव करतो. त्याला नेमेसिस हे नावही देऊन झाले. सापडण्याआधी बारसे झालेला तो बहुधा एकमेव तारा असावा. वाइझ या अवरक्त दुर्बिणीने सबंध आकाश पिंजून काढले, आणि केव्हिन लुमन यांनी २०१४ मध्ये सांगितले की सूर्यापासून २६,००० एककांपर्यंत गुरूएवढाही लपलेला गोळा नाही. मेघाच्या आतल्या दाट भागातून तारा गेला तर वर्षाव होऊ शकतो हा जॅक हिल्स यांचा १९८१ चा विचार मात्र खोटा ठरलेला नाही. तसे जाणे कोट्यवधी वर्षांतून एखाद्या वेळी घडते, आणि त्याला वेळापत्रक नाही.

डिसेंबरात मी वांगणीला आकाशदर्शनाला गेले. रात्रीची कर्जत गाडी, स्टेशनाबाहेर चहा, शेतातल्या ढेकळांवर टाकलेली सतरंजी आणि पहाटेपर्यंत अंगात शिरत जाणारी थंडी. मध्यरात्रीनंतर व्याध चांगला वर आला, तेव्हा व्याध आणि प्रश्वा यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्याजवळ, शृंगाश्व तारकासमूहात, मी बराच वेळ दुर्बीण रोखून धरली. तिथे शॉल्झचा तारा आहे. तो मला दिसणार नव्हता हे माहीत होते. तो माझ्या दुर्बिणीच्या कुवतीपलीकडे हजारो पटींनी अंधुक आहे. राल्फ-डीटर शॉल्झ यांनी तो २०१३ मध्ये जगापुढे आणला आणि दोन वर्षांनी एरिक मामाजेक व सहकाऱ्यांनी त्याची वाट मागे मोजली. एक लाल खुजा, म्हणजे लहान आणि मंद तारा, आणि त्याच्याभोवती एक तपकिरी खुजा, म्हणजे तारा व्हायला वजन कमी पडलेला गोळा; दोघांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या साधारण १५ टक्के. सुमारे ७०,००० ते ८०,००० वर्षांपूर्वी, आपले पूर्वज आणि निअँडरथल एकाच पृथ्वीवर असताना, ही जोडी सूर्यापासून एक प्रकाशवर्षाच्या आसपास येऊन गेली. म्हणजे थेट ऊर्ट मेघाच्या बाहेरच्या भागातून. आज ती वीसेक प्रकाशवर्षांवर आहे. इतका ताजा, नावागावासकट सापडलेला तारा दुसरा नाही, आणि दुर्दैव असे की त्याने काहीच केलेले नाही. तो हलका होता आणि सेकंदाला ८३ किलोमीटर वेगाने गेला. ५०,००० एककांवरच्या धूमकेतूला त्याचा धक्का सेकंदाला सहा सेंटिमीटर. त्यानेही एखाददुसरा धूमकेतू हलवला असेल, पण तो इथे पोहोचायला आणखी वीसेक लाख वर्षे आहेत. ओळख पटलेला निर्दोष, आणि ज्यांचा हात होता ते बेपत्ता.

काकांना दाखवता येईल असा एक तारा त्या कोजागिरीच्या आकाशात होता, पण तो मागचा नव्हे, पुढचा. धूमकेतू भुजंगाच्या परिसरात होता. त्याच भुजंग तारकासमूहाचा शेपटीकडचा भाग त्या वेळी धूमकेतूच्या बराच वर, नैर्ऋत्येच्या उंच आकाशात होता, आणि तिथे ग्लीझ ७१० हा नारिंगी तारा आहे. अंतर सुमारे ६२ प्रकाशवर्षे. नुसत्या डोळ्यांना तो कुठूनच दिसत नाही, दादरहून दुर्बिणीतूनही नाही. तारा आपल्याकडे येतो आहे हे ओळखण्याची खूण विलक्षण आहे: तो आकाशात हलत नाही. जे तारे आपल्याला वगळून आडवे निघून जाणार असतात ते वर्षागणिक जागा बदलतात. जो सरळ आपल्या रोखाने येतो तो जागच्या जागी राहतो, आणि त्याचे येणे फक्त त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातून कळते. ग्लीझ ७१० ची आडवी गती जवळजवळ शून्य आहे. गायाच्या मापनांनुसार तो सुमारे १३ लाख वर्षांनी सूर्यापासून १०,००० एककांच्या जवळपास येईल, एक प्रकाशवर्षाच्या सहाव्या हिश्शावर, आणि वेगही कमी, सेकंदाला १४-१५ किलोमीटर. तेव्हा तो आकाशात आजच्या गुरूइतका तेजस्वी दिसेल. फिलिप बेर्स्की आणि दिबचिन्स्की यांनी २०१६ मध्ये केलेल्या गणनेनुसार त्याच्यामुळे पुढची तीस-चाळीस लाख वर्षे सरासरीने वर्षाला दहाएक जास्तीचे धूमकेतू येत राहतील. त्या काळातल्या शिरस्तेदारांना नाव विचारल्यावर उत्तर मिळेल. फक्त तोवर ग्लीझ ७१० देखील त्यांच्यापासून अनेक प्रकाशवर्षे पुढे गेलेला असेल.

आणि एक बाजू या सगळ्या लेखांत कायम राहून जाते. ग्लीझ ७१० भोवती धूमकेतूंचा मेघ आहे की नाही हे पाहण्याचे साधन आपल्याजवळ नाही, पण आपल्यासारख्याच रीतीने जन्मलेल्या ताऱ्याभोवती तो नसण्याचे काही कारणही दिसत नाही. तसा तो असेल, तर १३ लाख वर्षांनी त्याच्या शेजारून जाणारा अनोळखी तारा आपण असू. ग्लीझ ७१० चे वस्तुमान सूर्याच्या साठ-सत्तर टक्के आहे. दोघांमधले अंतर एकच, वेग एकच, आणि वजन आपल्या बाजूला जास्त. त्यामुळे त्याच्यामुळे आपले जेवढे धूमकेतू जागचे हलतील, त्याहून त्याचे अधिक आपल्यामुळे हलतील.